नऊ पायऱ्या, सात अक्षरं

मुंबईत गेटवे ऑफ इंडियाच्या कमानीच्या माथ्यावर एक इंग्रजी लेख कोरलेला आहे. राजे पाचवे जॉर्ज आणि राणी मेरी हिंदुस्थानात उतरले, त्याच्या स्मरणार्थ ही वास्तू उभारली, असा त्याचा आशय. तारीख अक्षरी आहे: दोन डिसेंबर. वर्ष मात्र ना शब्दांत आहे, ना आपल्या ओळखीच्या आकड्यांत. तिथे पाच अक्षरं आहेत: एम, सी, एम, एक्स, आय. त्याच लेखात जॉर्ज या नावापुढे आणखी एक अक्षर एकटंच उभं आहे, व्ही. ते 'पाचवे'.

वर्ष वाचू या. पहिला एम म्हणजे हजार. त्यापुढची सी-एम ही जोडी एकत्र घ्यायची: हजाराला शंभर कमी, म्हणजे नऊशे. एक्स म्हणजे दहा, आय म्हणजे एक. झाले १९११. हे वर्ष राजाराणीच्या आगमनाचं आहे, इमारतीचं नाही. बांधकाम पुरं होऊन गेटवेचं उद्घाटन झालं ४ डिसेंबर १९२४ रोजी. रोमन आकडे वाचता आले तरी हा लेख नीट वाचावा लागतो, नाहीतर वास्तूचं वय तेरा वर्षांनी वाढतं.

हे प्रकरण कागद-पेन्सिल घेऊनच वाचायला बसावं. रोमन चिन्हांची नावं मी इथे देवनागरीत सांगत जाईन, वाचकाने ती कागदावर काढत जावं. ही लिपी डोळ्यांनी शिकण्यापेक्षा हाताने लवकर शिकता येते, कारण ती जन्मली तीच हाताच्या खुणांतून.

मोजणीची सगळ्यात जुनी रीत म्हणजे एका वस्तूला एक रेघ. काठीवर, हाडावर, भिंतीवर रेघा ओढत जायचं. पण रेघा चार-पाचच्या पुढे गेल्या की नजरेला त्या एकदम मोजता येत नाहीत, मग मध्येच वेगळी खूण करावी लागते. आय ही ती साधी उभी रेघ. एक्स ही फुली, दहाची. आणि व्ही? फुलीचा खालचा अर्धा भाग झाकून ठेवला की उरतो तो, म्हणजे दहाचा अर्धा, पाच. रोमनांच्या आधी त्यांच्या उत्तरेला राहणारे एट्रुस्कन लोक अशाच खुणा वापरत, फक्त त्यांचा पाच उलटा होता, टोक वर असलेला. पन्नासाची खूण आधी बाणासारखी होती, मग उलट्या टी-सारखी झाली आणि शेवटी एल या अक्षरासारखी दिसू लागली. हजारासाठी मधली उभी रेघ आणि तिच्या दोन्ही बाजूंना कंस असं चिन्ह होतं. त्याचा उजवा अर्धा भाग तोडून घेतला की डी-सारखी आकृती मिळते, म्हणजे पाचशे. शंभर आणि हजार यांच्या लॅटिन नावांची पहिली अक्षरं सी आणि एम. त्यांचा प्रभाव पडून ती दोन चिन्हं आजच्या रूपात स्थिरावली. म्हणजे ही मुळात अक्षरं नव्हतीच. खुणांना अक्षरांचं रूप नंतर मिळालं.

या खुणा सरळ रेघांच्या आहेत याचं महत्त्व हत्यार हातात धरणाऱ्याला लगेच कळतं. युरोपात लाकडी सांगाड्याची घरं बांधणारे सुतार आधी तुळया जमिनीवर जुळवून पाहत, प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना पटाशीने सारखाच आकडा कोरत, मग सगळं सोडवून जागेवर नेत आणि आकड्याला आकडा मिळवून सांगाडा उभा करत. पटाशीने तीन सरळ घाव घालणं सोपं, गोलाईचा आकडा कोरणं जिकिरीचं. म्हणून हिशोबाच्या वहीतून रोमन अंक गेल्यानंतरही लाकडावर ते बराच काळ टिकले.

आता प्रत्यक्ष लिहायला घेऊ. शाळेत बहुतेकांना हा भाग नियमांपासून शिकवला जातो: कोणतं चिन्ह किती वेळा यावं, कोणतं कोणाच्या डावीकडे बसावं, कोणाच्या बसू नये. नियम बरोबर असतात, पण मुलांच्या लक्षात राहत नाहीत, आणि पन्नासच्या पुढे गेलं की सगळा गोंधळ होतो. माझ्या मते आधी नऊ आकड्यांचा एक साचा हातात बसवावा. तो बसला की नियम वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

साचा असा. एक: आय. दोन: आय-आय. तीन: आय-आय-आय. चार: आय-व्ही. पाच: व्ही. सहा: व्ही-आय. सात: व्ही-आय-आय. आठ: व्ही-आय-आय-आय. नऊ: आय-एक्स. कागदावर हे नऊ आकडे एकाखाली एक काढा आणि त्यांच्याकडे जरा वेळ पाहा. तीनच चिन्हं आहेत, एक लहान, एक मधलं, एक मोठं. पहिल्या तीन पायऱ्या लहानाच्या. चौथीत लहान मधल्याच्या डावीकडे जातं. पाचवी मधल्याची एकट्याची. पुढच्या तीन पायऱ्यांत लहान मधल्याच्या उजवीकडे साठत जातं. नवव्या पायरीला ते मोठ्याच्या डावीकडे जातं.

आता फक्त पात्रं बदला. एककांसाठी लहान-मधलं-मोठं ही पात्रं होती आय, व्ही, एक्स. दशकांसाठी ती होतात एक्स, एल, सी. शतकांसाठी सी, डी, एम. साचा तोच. चाळीस हवे असतील तर चारची पायरी: एक्स-एल. सत्तर म्हणजे सातची: एल-एक्स-एक्स. नव्वद म्हणजे नऊची: एक्स-सी. चारशे सी-डी, आठशे डी-सी-सी-सी, नऊशे सी-एम. प्रत्येक घरातलं मोठं पात्र हेच पुढच्या घरातलं लहान. हजारांच्या घराला मात्र एम हे एकच पात्र आहे. ते तीनदा लिहिता येतं, म्हणून या साध्या पद्धतीत ३९९९ पर्यंतच पोचता येतं. त्यापलीकडे जायचं तर अक्षरावर आडवी रेघ ओढून त्याची किंमत हजारपट करतात.

कोणतीही संख्या लिहिताना ती आपण बोलतो तशी तोडायची. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचं वर्ष घ्या, १६७४. एक हजार, सहाशे, सत्तर, चार. एम, डी-सी, एल-एक्स-एक्स, आय-व्ही. चारही तुकडे शेजारी शेजारी लिहिले की काम झालं. महाराष्ट्र राज्य स्थापन झालं ते १९६०: एम, सी-एम, एल-एक्स. शेवटच्या शून्यासाठी काहीच लिहायचं नाही, कारण रोमन लिपीला रिकामी जागा दाखवायची गरजच पडत नाही. २००५ मध्ये मधली दोन घरं रिकामी, म्हणून नुसतं एम-एम-व्ही.

हात बसला की थोडी गंमत करून पाहावी. १६६६ लिहा: एम, डी-सी, एल-एक्स, व्ही-आय. सातही चिन्हं एकेकदा आली आणि मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने उतरली. आता १४४४: एम, सी-डी, एक्स-एल, आय-व्ही. पुन्हा तीच सात चिन्हं, तीही एकेकदाच. फक्त तीन जोड्यांनी जागांची अदलाबदल केली आणि दोनशे बावीस वर्षं कमी झाली. डावी-उजवी बाजू या लिपीत काय करते, हे सांगायला मला यापेक्षा चांगलं उदाहरण माहीत नाही. आणि १८८८ लिहून पाहा. तेरा चिन्हं लागतात. २००० ला दोन पुरतात. संख्या मोठी म्हणजे लेखन लांब, हा आपल्या आकड्यांतला संकेत इथे लागू नाही.

वाचताना उलट दिशेने जायचं. डावीकडून सुरुवात करून एकच गोष्ट पाहायची: लहान चिन्ह मोठ्याच्या आधी आलंय का? आलं असेल तर त्या दोघांभोवती पेन्सिलीने गोल करा. अशा जोड्या सगळ्या मिळून सहाच आहेत: आय-व्ही, आय-एक्स, एक्स-एल, एक्स-सी, सी-डी, सी-एम. गोल करून झाले की उरलेल्यांची नुसती बेरीज. दिल्लीच्या इंडिया गेटवर देशाच्या नावाच्या दोन बाजूंना पहिल्या महायुद्धाची दोन वर्षं कोरली आहेत: एम-सी-एम-एक्स-आय-व्ही आणि एम-सी-एम-एक्स-आय-एक्स. गोल केल्यावर दिसतं की पहिली पाच चिन्हं अगदी सारखी आहेत. शेवटच्या जोडीत व्हीच्या जागी एक्स आला आणि १९१४ चे १९१९ झाले.

ही वजाबाकी मराठी माणसाला परकी वाटायचं कारण नाही. आपण एकोणीस म्हणतो तेव्हा विसाला एक कमी असंच म्हणत असतो. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, अशी ही रांग थेट एकोणनव्वदपर्यंत जाते. पावणेदोन, पावणेतीन हे तर बाजारात दिवसभर चालतं. लॅटिन बोलणाराही एकोणिसाला 'उन्देविगिंती' म्हणे, म्हणजे विसातून एक काढून. तो आपल्याही एक पाऊल पुढे होता, कारण अठराला 'दुओदेविगिंती' म्हणे, विसातून दोन काढून. पूर्ण आकडा जवळ आला की त्याच्यापासून मागे मोजायचं, ही सवय दोन्ही भाषांत आहे.

पण लेखनात ही सवय कुठवर न्यायची, याला मर्यादा आहे, आणि इथेच सर्वाधिक चुका होतात. नव्याण्णवसाठी पुष्कळजण आय-सी लिहितात: शंभराला एक कमी, वरवर पाहता चोख. ते चालत नाही. नव्याण्णव हा नव्वद आणि नऊ असाच लिहायचा, एक्स-सी-आय-एक्स. मराठीतही एकोणऐंशी, एकोणनव्वद म्हणत आलेली जीभ इथे येऊन वळते आणि नव्याण्णव म्हणते, नव्वद आणि नऊ. 'एकोणशंभर' आपण म्हणत नाही. हा मेळ एवढा नेमका आहे की मराठी मुलांना तो सांगितला तर ती ही चूक पुन्हा करणार नाहीत. पंचेचाळीससाठी व्ही-एल लिहिणंही याच जातीचं. चाळीस आणि पाच असं तोडलं की एक्स-एल-व्ही हेच हातून उतरतं.

हे नियम रोमन लोक स्वतः किती पाळत? आपण पाळतो तितके नाही. रोममधल्या कोलोसियमला तळमजल्यावर ऐंशी कमानी होत्या. त्यांतल्या शहात्तर दारांवर आकडे कोरले होते, प्रेक्षकाने आपलं दार शोधून आत जावं म्हणून. टिकून राहिलेल्या आकड्यांत चव्वेचाळीसचा आकडा आहे: एक्स-एल-आय-आय-आय-आय. चाळीस वजाबाकीने लिहिले आहेत आणि चार बेरजेने, एकाच दगडावर. कोरणाऱ्याला त्यात काही विसंगत वाटलं नाही.

त्याहून बोलका दगड जर्मनीत बॉनच्या संग्रहालयात आहे. मार्कुस केलियुस नावाच्या रोमन सेनाधिकाऱ्याच्या नावाने त्याच्या भावाने हा स्मृतिशिला-लेख करवला. इसवी सन ९ मध्ये ट्युटोबुर्गच्या जंगलात जर्मानिक टोळ्यांनी सेनापती वारुसच्या तीन पलटणी कापून काढल्या: सतरावी, अठरावी आणि एकोणिसावी. केलियुस अठराव्या पलटणीतला. दगडावर तिचा आकडा आहे एक्स-आय-आय-एक्स. दहा, आणि दहाला दोन कमी. आजच्या पुस्तकात अठरा म्हणजे एक्स-व्ही-आय-आय-आय, पाच चिन्हं. त्या कारागिराने चारांत भागवलं, आणि बोलीत विसातून दोन काढायची सवय असलेल्या वाचकाला ते कळायला अडचण नव्हती. पुढे त्याच ओळीत केलियुसचं वय आहे: एल-आय-आय-आय आणि त्यानंतर एस. एस म्हणजे अर्धा. साडेत्रेपन्न वर्षांचा माणूस. रोमनांना अर्ध्यासाठी चिन्ह होतं, हे आपल्या शालेय धड्यांत क्वचितच येतं.

भिंतीवरच्या घड्याळांनी ही जुनी मोकळीक अजून जपली आहे. रोमन तबकडीच्या पुष्कळ घड्याळांत चारच्या जागी चार उभ्या रेघा असतात, आय-व्ही नसतं. तशी तबकडी मिळाली तर नीट पाहा: पहिल्या चार तासांत फक्त आय, पुढच्या चारांत व्ही येतो, शेवटच्या चारांत एक्स. बारा तासांचे तीन सारखे भाग पडतात. लंडनच्या बिग बेनवर मात्र चार हा आय-व्ही असाच आहे. दोन्ही बरोबर. परीक्षेत एकच बरोबर धरतात, हा भाग वेगळा.

रोमन अंकांत हिशोब करता येत नव्हता, असं सर्रास सांगितलं जातं. ते मला पटत नाही. बेरीज करून पाहा. शिवाजी महाराजांचा जन्म १६३०, राज्याभिषेक त्यानंतर चव्वेचाळीस वर्षांनी. बेरजेसाठी जोड्या सोडवून घ्या. १६३० म्हणजे एम, डी, सी, तीन एक्स. चव्वेचाळीस म्हणजे चार एक्स, चार आय. दोन्ही एका ठिकाणी ओता: एम, डी, सी, सात एक्स, चार आय. पाच एक्स उचलून त्यांचा एक एल करा. उरलं एम, डी, सी, एल, दोन एक्स, चार आय, म्हणजे १६७४. ना पाढे लागले, ना हातचा धरावा लागला. नुसतं गोळा करायचं आणि पाचाचा एक, दोनाचा एक असं बदलून घ्यायचं.

गुणाकार-भागाकार असे कागदावर जमत नाहीत, हे खरं. पण रोमन ते कागदावर करतच नव्हते. त्यांच्याकडे हिशोबाची पाटी होती, खोबणींत सरकणाऱ्या मण्यांची. प्रत्येक खोबणीत खालच्या भागात चार मणी, वरच्या भागात एक. खालचा प्रत्येक मणी एकाचा, वरचा पाचाचा. शेजारच्या खोबणीत हेच दहापट. खालचे मणी म्हणजे आय, एक्स, सी. वरचे म्हणजे व्ही, एल, डी. खाली चार मणी, म्हणून लिहिताना चार रेघा. हिशोब मण्यांवर व्हायचा आणि उत्तर वाचून उतरवायचं काम रोमन अंकांचं होतं. त्या कामात ते उत्तम होते. जे काम त्यांच्याकडे दिलंच नव्हतं, त्यात त्यांना नापास करण्यात अर्थ नाही.

आणि त्या काळात स्थानमूल्य नसणं ही एकट्या रोमनांची गोष्ट नव्हती. जुन्नरजवळच्या नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या दोन शतकांतला. यज्ञांत दिलेल्या गायी, घोडे, नाणी यांची मोठी दक्षिणा त्यात आकड्यांनी नोंदली आहे. तिथेही शून्य नाही. एक-दोन या आडव्या रेघा. दहाला वेगळं चिन्ह, विसाला वेगळं, शंभराला, हजाराला वेगळं. फरक एका ठिकाणी आहे. चारशे लिहायला रोमन माणूस शंभराचं चिन्ह चारदा काढी किंवा पाचशेच्या डावीकडे एकदा. नाणेघाटात शंभराच्या चिन्हाला चारचं चिन्ह जोडलेलं आहे: चार वेळा शंभर. बेरजेऐवजी गुणाकार. 'किती' आणि 'कशाचे' या दोन गोष्टी तिथे सुट्या झाल्या आहेत. पुढे 'कशाचे' हे सांगायचं काम चिन्हाऐवजी जागेने घेतलं, रिकाम्या जागेसाठी शून्य आलं, आणि आपण आज वापरतो ती पद्धत भारतात घडली.

अरबी जगातून ती युरोपात गेली. पिसा शहराच्या लिओनार्दोने, ज्याला आपण फिबोनाची म्हणून ओळखतो, १२०२ मध्ये आपल्या ग्रंथात भारतीयांचे नऊ अंक आणि शून्याची खूण समजावून दिली. पण १२९९ मध्ये फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने हिशोबाच्या वह्यांत हे नवे अंक वापरायला आपल्या सभासदांना मनाई केली. हा त्यांचा हट्ट म्हणून सोडून देऊ नये. शून्याला शेपूट जोडून सहा किंवा नऊ करता येतो, रकमेच्या शेवटी एक शून्य वाढवता येतं. आपणही चेकवर आकडा लिहून थांबत नाही, रक्कम अक्षरी लिहितो, ते याच भीतीपोटी. रोमन आकड्यातही शेवटी एक रेघ वाढवता येतेच. म्हणून मध्ययुगीन कारकून लहान लिपीत तीन लिहिताना शेवटचा आय खाली ओढून जे-सारखा काढत: आय-आय-जे. शेपूट काढली म्हणजे आकडा इथे संपला, यापुढे भर घालायची नाही.

हिशोबातून रोमन अंक गेले, तरी नाव देण्याच्या कामात राहिले, आणि तिथे ते आजही फार सोयीचे आहेत. रसायनशास्त्रात लोहाच्या नावापुढे कंसात दोन किंवा तीन लिहितात ते रोमन अंकांत. तो अणूंची संख्या सांगत नाही, लोहाची ऑक्सिडीकरणाची अवस्था सांगतो, आणि सूत्रातल्या साध्या आकड्यांशी त्याची गल्लत होत नाही. मेंदूतून निघणाऱ्या बारा चेताजोड्यांना वैद्यकात एक ते बारा रोमन क्रमांक आहेत. हृदयाला, जठराला जाणारी व्हेगस ही दहावी, म्हणून डॉक्टरांच्या नोंदीत ती नुसती एक्स.

भारतीय संविधानाच्या इंग्रजी प्रतीत भागांना असेच क्रमांक आहेत. मूलभूत हक्कांचा भाग आय-आय-आय, मार्गदर्शक तत्त्वांचा आय-व्ही. १९७६ साली बेचाळिसाव्या दुरुस्तीने मूलभूत कर्तव्यं आली, तेव्हा पुढचे सगळे भाग एकेक घर सरकवले नाहीत. नव्या भागाला आय-व्ही-ए म्हटलं, आणि मराठी प्रतीत तो 'भाग चार-क' झाला. नगरपालिकांचा भाग १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने असाच आय-एक्स-ए म्हणून बसला. उलट १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने भाग व्ही-आय-आय काढून टाकला, तरी व्ही-आय-आय-आय जागचा हलला नाही. मोजायला बसलं तर हे क्रमांक चुकतात. पण त्या त्या भागाचं नाव म्हणून न्यायालयाच्या निकालांत, वकिलांच्या युक्तिवादांत आणि विद्यार्थ्यांच्या वह्यांत ते पक्के झाले आहेत, त्यामुळे सात काढून टाकला तरी आठव्या भागाला सगळे आठवाच म्हणतात.